बोर्डोचं तांबं मातीत बांधून कसं ठेवायचं: द्राक्षबागेसाठी सेंद्रिय कर्बाची पद्धत

द्राक्षावर डाऊनी (केवडा रोग) दिसली की आपण बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो, दिसू नये म्हणूनही मारतो, छाटणी झाली की मारतो, पावसाळ्यात तर मारतोच, पण त्यातलं तांबं पुढे जातं कुठे याचा हिशोब फार कमी बागवाले ठेवतात. ते कुठेच जात नाही. बाकीची बहुतेक बुरशीनाशकं उन्हाने, पाण्याने, जिवाणूंनी मोडतात, तांबं हे मूलद्रव्य आहे त्यामुळे ते मोडायचा प्रश्नच येत नाही. पानावरून ओघळून, गळालेल्या पानातून, छाटलेल्या काडीतून ते बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या उंच मातीच्या पट्ट्यावर येतं आणि वरच्या वीतभर मातीत बसतं. फ्रान्समध्ये मिलार्देने 1885 मध्ये मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण डाऊनीवर चालतं हे मांडलं आणि तिथल्या जुन्या बागांच्या मातीत आज तांबं शेकडो पीपीएमपर्यंत (एक पीपीएम म्हणजे किलोभर मातीत एक मिलिग्रॅम) चढलेलं सापडतं, म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांत ते निघून गेलेलं नाही.

आता आपला हिशोब करा. मोरचूदात 25 टक्के तांबं असतं. एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटरला 1 किलो मोरचूद, एकरी 300 लिटर मारलं तर 3 किलो मोरचूद, म्हणजे पाऊण किलो तांबं. अशा चार फवारण्या झाल्या की वर्षाला 3 किलो. एका एकराची वरची 15 सेंमी माती साधारण 8 लाख किलो भरते, त्यात 3 किलो तांबं म्हणजे पावणेचार पीपीएमची भर. 15 वर्षांची बाग असेल तर 55 पीपीएमच्या पुढे, तेही सगळीकडे सारखं पसरलं असं धरून. प्रत्यक्षात बहुतेक सगळं बोदावरच पडतं आणि बोद म्हणजे एकराचा तिसरा हिस्सा धरला तर तिथला आकडा दुपटीच्या वर जातो. युरोपात 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा आहे, एकराला बसवलं तर वर्षाला सरासरी 1.6 किलो. आपल्या चार फवारण्या त्याच्या जवळपास दुप्पट होतात.

घाबरायचं कारण नाही, पण कामाला लागायचं कारण आहे. मातीत तांबं किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं किती आहे हे जास्त महत्त्वाचं. मुळाला, गांडुळाला, जिवाणूला त्रास देतो तो मातीच्या पाण्यात सुटा फिरणारा तांब्याचा आयन (प्रभार असलेला कण), आणि त्याला पकडून ठेवण्यात सेंद्रिय पदार्थाचा हात कुणी धरू शकत नाही.

पकड कशी बसते ते आधी समजून घ्या, कारण पुढे काय टाकायचं आणि काय टाळायचं ते सगळं यावरच ठरतं. शेणखत, पानं, मुळं कुजून जो काळपट भाग उरतो, ज्याला आपण ह्युमस म्हणतो, त्याच्या अंगावर कार्बोक्सिल आणि फिनॉल नावाचे गट असतात. त्यांच्याकडचा हायड्रोजन सुटला की तिथे ऋण प्रभार तयार होतो आणि धन प्रभाराचं तांबं तिथे येऊन बसतं. इथपर्यंत काळी चिकणमातीही तेच करते, पण फरक दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे जागा, 100 ग्रॅम ह्युमसमध्ये 200 मिलिइक्विव्हॅलंटच्या (प्रभार मोजायचं एकक) वर धन आयन बसू शकतात, आपल्या काळ्या मातीतल्या चिकण खनिजात साधारण 100 आणि कोकणातल्या लाल मातीतल्या खनिजात 3 ते 15 एवढेच. आणि दुसरा फरक जास्त मोठा, चिकणमातीवर तांबं नुसतं चिकटून असतं, आपल्या मातीत कॅल्शियम भरपूर, त्याने रेटलं की ते सुटतं. ह्युमसमध्ये शेजारी शेजारी असलेले दोन गट तांब्याला दोन्ही बाजूंनी धरतात, खेकड्याने नांगीत धरावं तसं, आणि मग कॅल्शियम कितीही आलं तरी ती पकड सहज सुटत नाही. धातूंमध्येही डावं-उजवं आहे. तांबं आणि शिसं सगळ्यात घट्ट धरलं जातं, जस्त, निकेल, कॅडमियम त्यामानाने सैल. म्हणजे तांब्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत.

आता यातली एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ह्युमसमध्ये घट्ट पकडणाऱ्या जागा थोड्या असतात आणि त्या आधी भरतात, नंतर येणारं तांबं सैल जागांवर बसतं. त्यामुळे सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय पदार्थातला कार्बन, तेवढाच राहिला आणि तांबं वाढत गेलं तर नवीन तांबं आधीच्यापेक्षा सुटं राहतं. म्हणून तांब्याचा आकडा एकटा बघायचा नाही, सेंद्रिय कर्बाचा आकडा शेजारी ठेवून बघायचा. 0.3 टक्के कर्ब असलेल्या मातीतलं 150 पीपीएम आणि 1 टक्का कर्बाच्या मातीतलं 150 पीपीएम ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं काम, माती तपासा

सॉइल हेल्थ कार्डात जे तांबं येतं ते डीटीपीए पद्धतीने काढलेलं असतं, म्हणजे पिकाला मिळू शकेल तेवढंच. तिथे 0.2 पीपीएमच्या खाली कमतरता धरतात आणि त्याच्या वर काहीही आलं तरी शेरा "पुरेसं" असाच असतो, कारण ती तपासणी कमतरता शोधायला बनवलेली आहे. तुमचा आकडा दोन अंकी आला असेल तर "पुरेसं" वाचून कागद घडी घालून ठेवू नका. एकूण तांबंही तपासून घ्या, माती अॅसिडमध्ये विरघळवून एएएस किंवा आयसीपी मशीनवर करतात, माती परीक्षण करणाऱ्या बऱ्याच खाजगी लॅबमध्ये होतं, देताना "एकूण कॉपर आणि डीटीपीए कॉपर दोन्ही" असं स्पष्ट लिहून द्या. सोबत सेंद्रिय कर्ब, पीएच आणि मुक्त चुनखडी.

नमुना घेताना बोदावरचा वेगळा, दोन ओळींमधल्या पट्ट्यातला वेगळा, 0 ते 15 सेंमी आणि 15 ते 30 सेंमी असे थर वेगळे. आणि एक नमुना जिथे कधीच बाग नव्हती अशा जागेचा, बांधाकडेचा किंवा शेजारच्या जिरायत तुकड्यातला. हा शेवटचा नमुना सोडायचा नाहीच, कारण आपली काळी माती बसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकातच तांबं मुळात भरपूर असतं, त्यामुळे नुसता एकूण आकडा बघून बाहेरच्या देशातल्या तक्त्याशी लावला तर उगाच धास्ती बसते. बोदाच्या आकड्यातून या कोऱ्या मातीचा आकडा वजा केला की फवारणीने आलेलं तांबं कळतं. माती प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा, पितळेचं किंवा तांब्याचं घमेलं नको. देठ परीक्षणातल्या तांब्यावर मात्र विसंबू नका, देठावर फवारणीचा अंश चिकटलेला असतो, आकडा फसवा येतो.

लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. दोन कुंड्या घ्या, एकीत बोदाची माती, एकीत बांधाची, दोन्हीत मेथी किंवा हरभरा टाका, पाणी सारखं द्या आणि दहा-बारा दिवसांनी रोप हलक्या हाताने पाण्यात धुऊन मुळं शेजारी शेजारी ठेवा. तांबं जास्त झालं की आधी मुळावर दिसतं, मुळी आखूड, जाडसर, तपकिरी टोकाची, आणि बाजूच्या बारीक तंतुमुळ्या जवळजवळ नाहीतच असं. वरचं पान तेव्हा हिरवंगार असू शकतं. बागेत हेच पुढे लोहाच्या कमतरतेसारखं पिवळेपण म्हणून दिसतं आणि आपण फेरस मारत बसतो. अजून एक खूण, बोदावर टाकलेलं पाचट किंवा पानं महिनोन्महिने तशीच पडून राहतात, खाली गांडूळ सापडत नाही.

दुसरं काम, कर्ब वाढवायचा, पण कुठला

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सेंद्रिय म्हणजे सगळंच चांगलं असं नाही. ताज्या, न कुजलेल्या मालात पाण्यात विरघळणारे लहान लहान सेंद्रिय पदार्थ खूप असतात, तेही तांब्याला पकडतात, पण पकडून पाण्याबरोबर खाली घेऊन जातात. म्हणजे ओलं कोंबडीखत पावसाळ्याच्या तोंडावर बोदात गाडलं तर तांबं जागेवर बसण्याऐवजी खालच्या थरात, मुळांच्या मुख्य पट्ट्यात उतरू शकतं. आपल्याला हवा तो जुना, पूर्ण कुजलेला, पाण्यात न विरघळणारा भाग. म्हणून शेणखत किंवा कंपोस्ट पूर्ण पक्कं हवं. ओळखायचं कसं तर मूठभर ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद तीन-चार दिवस ठेवा, उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबूस वास आला तर ते अजून कच्चं आहे, पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर चालेल. लॅबला दिलं तर कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या खाली यायला हवं.

आणि खतात काय येतंय तेही बघा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला तांब्याची मर्यादा 300 पीपीएम आहे. मर्यादेच्या आत, पण काठावर असलेलं असं कंपोस्ट एकरी 10 टन टाकलं तर त्यातून 3 किलो तांबं शेतात गेलं, म्हणजे वर सांगितलेल्या चारही फवारण्यांएवढं! कोंबड्यांच्या खाद्यात तांबं-जस्त घालतात, ते विष्ठेत येतं. मोठ्या गोठ्यात जनावरांच्या खुरांसाठी मोरचूदाच्या पाण्याचा हौद असतो, ते पाणी शेणाच्या खड्ड्यात जात असेल तर ते शेणखत नको. विकत घेताना ढीग कुठला आहे हे विचारायला लाजू नका, एकदा तपासणीचे पैसे गेले तरी चालतील.

माझ्या मते बागेसाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे बागेतलाच माल आणि बागेतच वाढवलेला माल. दोन ओळींच्या मधे ताग किंवा धैंचा पेरा, फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापून बोदावर टाका. उसाचं पाचट किंवा बगॅसचं आच्छादन तर बरेच जण टाकतातच, ते चालू ठेवा, बोदाची माती उन्हात उघडी पडली की कर्ब फार झपाट्याने जळतो आणि कर्ब जळाला की त्याने धरलेलं तांबं परत सुटतं. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, बांधलेलं तांबं कायमचं बांधलेलं नसतं, धरणारा ह्युमस जिवाणू हळूहळू खातच असतात. छाटणीच्या काड्या जाळू नका. काडी जाळली की तांबं राखेत राहून बोदावरच परत येतं आणि त्याला धरणारा कर्ब मात्र धुरात जातो. काड्यांचे श्रेडरने तुकडे करा, पण रोगट बाग असेल तर सरळ बोदावर पसरू नका, शेणकाल्याबरोबर ढीग लावा, ढीग आतून काही दिवस 55 अंशाच्या वर तापला पाहिजे, तीन-चार वेळा पलटी द्या म्हणजे बाहेरचा मालही आत जाऊन तापेल.

किती टाकायचं? एकरी 8 लाख किलो मातीत 0.1 टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे 800 किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. 10 टन शेणखतात पाणी आणि माती वजा जाता साधारण टन-सव्वा टन कर्ब असतो आणि आपल्या उन्हात वर्षा-दोन वर्षांत त्यातला बहुतेक उडून पाव ते तिसरा हिस्सा उरतो. म्हणजे 0.1 टक्क्यासाठी दोन ते तीन वर्षं, दरवर्षी 10 टन. सगळ्या एकरात टाकायची गरज नाही, तांबं बोदावर आहे तर खतही बोदावरच टाका, मग तेवढ्याच खतात तिप्पट काम होतं.

ह्युमिक अॅसिडच्या बाटलीबद्दल विचारतात म्हणून सांगतो, ठिबकमधून एकरी किलोभर ह्युमिक सोडून तांबं बांधलं जात नाही. 0.5 टक्के कर्ब असलेल्या साध्या मातीतही वरच्या 15 सेंमीत जवळपास 6,900 किलो सेंद्रिय पदार्थ असतो, त्यात एक किलोची भर म्हणजे काय ते तुम्हीच बघा. शिवाय ती बाटली पाण्यात विरघळणारी असते, म्हणजे वर सांगितलेल्या वाहून नेणाऱ्या गटातली. मुळांसाठी वापरायचं तर वापरा, या कामासाठी पैसे घालू नका.

तिसरं काम, बांधलेलं सुटेल असं काही करू नका

कार्बोक्सिल गटाचा हायड्रोजन साधारण 4 ते 5 पीएचला सुटायला लागतो, पीएच जितका वर तितक्या जास्त जागा तांब्यासाठी मोकळ्या. पीएच खाली आणला की हायड्रोजन परत येऊन बसतो आणि तांब्याला हाकलतो. आपल्या काळ्या मातीचा पीएच बहुतेक ठिकाणी पावणेआठ ते साडेआठ, चुनखडीही असते, त्यामुळे आपण मुळात सुरक्षित बाजूला आहोत, आणि मग आपणच ठिबकमधून सल्फ्युरिक किंवा फॉस्फरिक अॅसिड सोडून ड्रीपरखालचा तेवढा टप्पा आंबट करतो. नळ्या साफ करायला अधूनमधून अॅसिड चालवलं तर हरकत नाही. पण पांढरी मुळी सगळ्यात जास्त नेमकी ड्रीपरखालीच असते, आणि जुन्या, तांबं साठलेल्या बागेत महिनोन्महिने अॅसिड सोडत राहायचं म्हणजे तिथलंच तांबं मोकळं करायचं. पीएच खाली आणायचाच असेल तर आधी तांब्याचा रिपोर्ट बघा.

दुसरं म्हणजे ईडीटीए, धातूला पकडून पाण्यात विरघळता ठेवणारं रसायन. लोहाची कमतरता दिसली की ईडीटीए चिलेटेड फेरस जमिनीतून सोडतात, पण पीएच साडेसहा-सातच्या वर गेला की ईडीटीए लोहाला सोडतं आणि मोकळं झालेलं ईडीटीए कॅल्शियम, जस्त, तांबं जे मिळेल ते उचलतं आणि पाण्यात आणतं. लोह मिळतच नाही, तांबं मात्र हलतं. चुनखडीच्या जमिनीत लोह द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं द्या, महाग आहे पण तिथे तेच टिकतं.

जुनी बाग काढून नवीन लावणार असाल तर सगळ्यात जपायचं तेव्हा. जुन्या वेलीची मुळं खोल असतात म्हणून ती वरच्या थरातलं तांबं सहन करते, नवीन रोपाची सगळी मुळं त्या वीतभर थरातच असतात. अशा वेळी एकदा खोल नांगरट करून वरचा थर खालच्या मातीत मिसळून घेणं चांगलं, तीव्रता कमी होते, मग ताग गाडून, पक्कं शेणखत खड्ड्यात देऊन लागवड करा. एरवी चालू बागेत बोद खोल उकरू नका.

कोकणात आणि गोव्यात सुपारीवर कोळेरोगासाठी पावसाळ्यात बोर्डो मारतात, तिथलं गणित वेगळं. जांभ्याची माती आम्लधर्मी, पीएच पाच-साडेपाच, चिकण खनिजाची पकड कमी, पाऊस प्रचंड, त्यामुळे तिथे तांबं जास्त मोकळं राहतं आणि जवळजवळ सगळा भार सेंद्रिय पदार्थावर पडतो. तिथे माती परीक्षणाप्रमाणे चुना देऊन पीएच सहाच्या वर न्या आणि सुपारीच्या झावळ्यांचं आच्छादन झाडाखालीच राहू द्या. चुना आणि कंपोस्ट एकाच दिवशी मिसळू नका, खतातला नत्र अमोनिया होऊन उडतो, मधे तीन-चार आठवडे जाऊ द्या.

रस्त्याकडेच्या किंवा जुन्या रंगाच्या भिंतीजवळच्या परसबागेत शिसं असेल तर हीच पद्धत चालते, शिसं ह्युमसला तांब्यासारखंच घट्ट धरून राहतं, फक्त तिथे धूळ तोंडात जाऊ नये म्हणून आच्छादन अजून महत्त्वाचं. कॅडमियमला पकड सैल, तिथे पीएच वर ठेवण्याला जास्त वजन द्या आणि पालेभाजी टाळा. आर्सेनिकला मात्र ही युक्ती लावू नका. ते मातीत बहुतेक वेळा ऋण प्रभाराच्या रूपात असतं, ह्युमसही ऋण, त्यामुळे पकड जवळपास बसतच नाही, उलट कंपोस्टमधला फॉस्फेट त्याची जागा घेऊन त्याला मोकळं करू शकतो.

शेवटचं, फवारणीचं. खालून बांधत राहायचं आणि वरून तेवढंच ओतत राहायचं याने काही होणार नाही. नव्या फुटीवर एक टक्क्याऐवजी अर्धा टक्का पुरत असेल तर अर्धाच मारा, हवामानाचा अंदाज बघून मारा, तांबं असलेली दोन उत्पादनं एकाच आठवड्यात येत नाहीत ना ते बघा, लेबलवर तांब्याची टक्केवारी असते ती डायरीत लिहा आणि वर्षअखेरीला एकरी किलोत बेरीज करा, 1.6 किलोच्या आत ठेवायचा प्रयत्न ठेवा. उरलेलं द्रावण आणि टाकी धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा रोज त्याच कोपऱ्यात ओतू नका, बागेतल्या सगळ्यात जास्त तांब्याची जागा बहुतेक वेळा तीच निघते. पाणी घालून पातळ करून फवारलेल्या ओळींवरच संपवा, आणि तो टाकीचा कोपरा पुढच्या वेळी वेगळ्या नमुन्यात तपासायला द्या.